शतपावली, तेलाचे डबे आणि फिनलंडची गोष्ट

शीर्षक वाचून पान उलटू नका. 'आरोग्य हीच संपत्ती' छाप निबंध लिहायला मी बसलेलो नाही. तसले निबंध दहावीपर्यंत आपण सगळ्यांनी लिहिले, दहापैकी आठ मार्क घेतले आणि शाळा सुटल्यावर गेटबाहेर भजी खाल्ली. मी इथे सांगणार आहे तो एक हिशेब आहे आणि एक गोष्ट आहे. हिशेब आपल्या मेसचा, गोष्ट फिनलंडची. दोन्हींची सुरुवात मात्र आपल्या हॉस्टेलच्या गेटवर झाली.

मागच्या वर्षी पाचव्या सेमिस्टरच्या सबमिशनचे दिवस होते. रात्रीचा दीड वाजला असेल. आम्ही तिघे जर्नल्स पुरी करून चहा मिळतो का बघायला खाली उतरलो, तर वॉचमन मामा स्टुलावर छातीला हात लावून बसलेले. म्हणाले, "ॲसिडिटी झालीय रे पोरांनो, इनो असलं तर द्या." थंडीत माणूस घामाने डबडबलेला. माझ्या रूममेटची आई नर्स आहे. त्याने मामांचा चेहरा बघितला आणि इनो शोधत बसण्याऐवजी सरळ रेक्टर सरांचं दार वाजवलं. सरांनी गाडी काढली. अर्ध्या तासात मामा हॉस्पिटलमध्ये होते. हार्ट ॲटॅक होता. मामा वाचले, दोन स्टेंट बसले. वय फक्त ४६.

(जाता जाता: छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, दम लागणं यातलं काही दिसलं तर "गॅस असेल" म्हणून वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल ती गाडी काढा. ॲटॅकमध्ये जाणारं प्रत्येक मिनिट हृदयाचा स्नायू मारत असतं.)

तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो तेव्हा डॉक्टर मामांना विचारत होते, "जेवता काय? चालता किती?" मामा म्हणाले, "साहेब, बारा तास स्टुलावर ड्यूटी. जेवण पोरांच्याच मेसमध्ये." डॉक्टरांनी आमच्याकडे बघितलं. मी त्या वर्षी मेस सेक्रेटरी होतो! त्या वेळी कॉटखाली जाऊन बसावंसं वाटलं. मामा बिडी ओढायचे हे खरं, त्यांच्या वडिलांनाही हृदयविकार होता हेही खरं. म्हणजे सगळा दोष मेसच्या तर्रीचा नव्हता. पण काही वाटा तर नक्कीच होता, आणि तेवढा वाटा माझ्या सहीने येत होता.

आमचा पहिला प्रयोग (फसलेला)

परत आल्यावर उत्साहाच्या भरात आम्ही तीन गोष्टी केल्या. मेसच्या भिंतीवर पोस्टर लावलं, एका डॉक्टरांचं व्याख्यान ठेवलं आणि महाराजांना फर्मान सोडलं, "उद्यापासून तेल अर्धं!" व्याख्यानाला अकरा जण आले, त्यातले चार जण कमिटीचेच. तेल अर्धं केलेली भाजी पोरांनी ताटात तशीच ठेवली आणि गेटसमोरच्या टपरीवर वडापावला रांग लागली. महाराज चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी पोस्टरवरच्या सफरचंदाला कुणीतरी मिशा काढल्या. असो.

आमच्या एका सरांना हे सगळं रडगाणं सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "तुम्ही सिस्टीम न बघता थेट आउटपुटला हात घातलात. लायब्ररीत जा आणि नॉर्थ कॅरेलियाबद्दल वाच." मी गेलो. त्यातून मला जे कळलं ते पुढे सांगतो, कारण आजार ही एकट्या माणसाची भानगड नसते, अख्ख्या वस्तीची असते, हे दाखवणारं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं मिळालं नाही.

नॉर्थ कॅरेलिया: काय झालं होतं?

फिनलंडच्या पूर्वेला रशियाच्या सीमेला लागून हा प्रांत. त्या काळी लोकसंख्या सुमारे १ लाख ८० हजार, म्हणजे आपल्याकडचा एखादा मध्यम तालुका. जंगल, तळी, लाकूडतोड आणि दुभती जनावरं. माणसं अंगमेहनतीची, धट्टीकट्टी. तरीही १९६० च्या दशकाअखेर इथल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त नोंदलं जात होतं. कर्ते पुरुष चाळिशी-पन्नाशीत जात होते. जवळजवळ प्रत्येक घरात अशी एखादी गोष्ट होती.

कारण ताटात होतं. ब्रेडवर लोण्याचा जाड थर, सायीचं दूध, चरबीचं डुकराचं मांस, भरपूर मीठ. १९७२ साली जवळपास ९० टक्के लोक ब्रेडला लोणीच लावत. हिरवी भाजी म्हणजे जनावरांचा चारा, अशी समजूत. शिवाय निम्म्याहून जास्त पुरुष सिगारेट ओढायचे.

इथे थोडं मेकॅनिझम समजून घेऊ. लोणी, तूप, चरबी, पामतेल यांत संपृक्त स्निग्धांश जास्त असतो. तो सतत जास्त खाल्ला की रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल वाढतं. हे कोलेस्टेरॉल धमनीच्या आतल्या भिंतीत शिरून साठतं, वर्षानुवर्षं थर चढतो आणि पाइपचा व्यास कमी होतो. फ्लुइड मेकॅनिक्स शिकलेल्यांना सांगायला नको की व्यास थोडा कमी झाला तरी प्रवाह किती कमी होतो! पण ॲटॅक बहुतेक वेळा पाइप हळूहळू पूर्ण बुजल्याने येत नाही. साठलेला थर एके दिवशी फुटतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत रस्ता बंद. मिठाने रक्तदाब वाढतो आणि तंबाखू धमनीच्या अस्तरालाच इजा करते, म्हणून तिन्ही एकत्र आले की काम लवकर होतं.

जानेवारी १९७१ मध्ये प्रांताच्या लोकांनी सरकारकडे अर्ज केला, की आमची माणसं मरताहेत, काहीतरी करा. त्यावर प्रांताच्या गव्हर्नरपासून खासदार आणि स्थानिक संस्थांच्या प्रतिनिधींपर्यंत सगळ्यांच्या सह्या होत्या. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. कार्यक्रम वरून लादला गेला नाही, लोकांनी मागितला. १९७२ साली प्रकल्प सुरू झाला आणि त्याचा प्रमुख होता पेक्का पुस्का नावाचा डॉक्टर. वय २७ वर्षं! म्हणजे आपल्या एम.टेक.च्या सीनियर्सएवढा.

त्यांनी नेमकं काय केलं?

पुस्का आणि मंडळींनी ओळखलं की फक्त आजारी माणसांना औषधं देऊन भागणार नाही. आजारी पडणारे बहुतेक लोक 'मध्यम धोका' असलेले, साधेसुधे लोक असतात आणि त्यांची संख्याच मोठी असते. तेव्हा सगळ्या प्रांताचं सरासरी कोलेस्टेरॉल, सरासरी रक्तदाब थोडा थोडा खाली आणायचा. इंजिनिअरिंगच्या भाषेत, एकदोन खराब पीस बाजूला काढायचे नाहीत, सगळ्या प्रोसेसचं सेटिंगच बदलायचं.

मग ते घराघरांत पोचले ते बायकांच्या मदतीने. 'मार्था' नावाची गृहिणींची जुनी संघटना तिथे गावोगाव होती. तिच्या बायका संध्याकाळी गावकऱ्यांना जमवायच्या आणि भाषणाऐवजी जेवण करून वाढायच्या. पदार्थ तेच, त्यांच्या आजीचे. मांसाच्या पारंपरिक रश्श्यात मांस आणि चरबी थोडी कमी, कंदभाज्या जास्त. लोक जेवायचे, गप्पा मारायचे, कृती लिहून घ्यायचे. आपल्याकडच्या हळदीकुंकवासारखंच म्हणा ना! याशिवाय गावात ज्यांचा शब्द चालतो अशा शेकडो साध्या माणसांना त्यांनी शिकवून तयार केलं. दुकानदाराला, शेजाऱ्याला लोक जितकं ऐकतात तितकं पोस्टरला ऐकत नाहीत. (हे वाचताना मला आमचं मिशीवालं सफरचंद आठवलं.)

दुसरं, ते कारखान्यांत गेले. सॉसेज बनवणाऱ्यांना पटवून चरबीचा काही भाग काढून त्याजागी मशरूम घालायला लावलं. बेकऱ्यांना मीठ कमी करायला सांगितलं. दूधवाल्यांना कमी सायीचं दूध बाजारात आणायला लावलं. म्हणजे लोकांनी निर्धार वगैरे काही न करता नेहमीचाच माल घ्यायचा आणि तो थोडा बरा निघायचा.

तिसरं म्हणजे भांडण. ते टळलं नाही. प्रांत दुधावर जगणारा. "लोणी कमी खा" म्हणणारा डॉक्टर म्हणजे शेतकऱ्यांच्या पोटावर पाय देणारा माणूस. विरोध झाला आणि तो रास्तही होता. मग तिथल्या जंगलात मुबलक येणाऱ्या बेरींकडे लक्ष गेलं. १९८० च्या दशकात बेरी आणि भाज्या पिकवायला, विकायला शेतकऱ्यांना मदत करण्याचा वेगळा कार्यक्रम झाला. थंडीत टिकणाऱ्या रेपसीडचं (हे आपल्या मोहरीच्या जातकुळीतलं) तेल देशात तयार होऊ लागलं. पुढे गावागावांत स्पर्धाही लागल्या, कोणत्या गावाचं कोलेस्टेरॉल जास्त उतरतं याच्या!

प्रकल्प २५ वर्षं चालला आणि १९९७ मध्ये औपचारिकरीत्या संपला. कामकरी वयाच्या पुरुषांमधलं हृदयविकाराचं मृत्युप्रमाण २००६ पर्यंत सुमारे ८५ टक्क्यांनी खाली आलं होतं. लोणी लावून ब्रेड खाणारे थोडेच उरले.

आता आपण इंजिनिअर, तेव्हा कंट्रोल सॅम्पल विचारणारच. होतं! शेजारचा कुओपिओ प्रांत तुलनेसाठी घेतला होता. गंमत अशी की पुढे तिथलंही प्रमाण घसरलं आणि सगळ्या फिनलंडचंही. कारण पहिल्या पाच वर्षांनंतर हेच उपाय देशभर नेले गेले. शिवाय औषधोपचारही सुधारत होते. त्यामुळे यातलं नेमकं किती श्रेय एकट्या प्रकल्पाचं, यावर जाणकारांत वाद आहे. पण घसरणीचा बराचसा भाग कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि सिगारेट कमी झाल्याने आला, हे त्यांच्याच मोजमापांतून दिसतं.

आणि व्यायामाचं काय?

कॅरेलियाचे लाकूडतोडे भरपूर मेहनत करूनही मरत होते, म्हणजे नुसत्या व्यायामाने वाईट ताट भरून निघत नाही. पण उलटही खरं नाही. नुसतं ताट सुधारून बारा तास स्टुलावर (किंवा लॅपटॉपसमोर) बसणं भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. भरभर चालणंही त्यात धरतात. दिवसाला साधारण पंचवीस मिनिटं आली. कठीण नाही, मग होत का नाही? कारण एकट्याने होत नाही आणि जागा नसते.

कोलंबियाची राजधानी बोगोटा इथे डिसेंबर १९७४ मध्ये सायकलवाल्यांनी काही रस्ते काही तासांसाठी गाड्यांना बंद करून घेतले. आज दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन शंभरहून जास्त किलोमीटर रस्ते लोकांसाठी मोकळे असतात. लोक चालतात, पळतात, सायकली चालवतात. बागांमधून फुकट व्यायामाचे वर्ग चालतात. नवीन काही बांधलं नाही, आहे तोच रस्ता वापरला. हीच कल्पना घेऊन २०१३ मध्ये गुडगावात 'राहगिरी' सुरू झाली.

आणि सामुदायिक व्यायाम म्हणजे काही परदेशी खूळ नाही बरं का. कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम होती. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं आहे. आणि जेवणानंतरची शतपावली तर आपल्या आजोबांनी कुठल्याही संघटनेची शिफारस न वाचता घातली.

आता आपल्या मेसचा हिशेब

हे सगळं वाचून आम्ही दुसऱ्यांदा सुरुवात केली. या वेळी आधी मोजलं. आपल्या मेसमध्ये तेव्हा महिन्याला तेलाचे १५ किलोचे २२ डबे लागत होते. म्हणजे ३३० किलो. जेवणारे स्टाफ धरून २२०. दरडोई महिन्याला दीड किलो, दिवसाला ५० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या २००० कॅलरीच्या नमुना ताटात तेल-तूप मिळून आहे साधारण २७ ग्रॅम. तळणीनंतर टाकलेलं तेल वजा केलं तरी आपण बरेच पुढे! एक ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी. वरचे २३ ग्रॅम म्हणजे रोज २०० च्या वर कॅलरी, ज्या जाळायला पाऊण तास तरी भरभर चालावं लागेल. शिवाय ते होतं पामतेल, ज्यात जवळजवळ अर्धा भाग संपृक्त असतो. सोयाबीन तेलात तो १५ टक्क्यांच्या आसपास असतो.

मग मी महाराजांकडे गेलो. फर्मान न काढता, पाटावर बसून. म्हटलं, "महाराज, माझं चुकलं. तुम्हीच सांगा, चव न जाता तेल कुठे कमी होईल?" महाराज बराच वेळ कांदा चिरत राहिले. मग म्हणाले, "तेल मी हौसेने घालतो होय? तर्री दिसली नाही तर पोरं म्हणतात भाजी पाण्याची. मामा माझ्या शेजारी जेवायला बसतात रोज. मला काय वाटलं असेल?" मला पुढे बोलता येईना.

उपाय सगळे त्यांनी आणि चपातीवाल्या मावशींनी काढले. कांदा-खोबरं आधी कोरडं भाजून घ्यायचं, म्हणजे कमी तेलात वाटणाला रंग येतो. फोडणी पळीने मोजून. रस्सा दाट व्हायला तेलाऐवजी दाण्याचं कूट. तर्री वेगळ्या पातेल्यात, हवी त्याने मागून घ्यायची. (मागणारे पहिल्या आठवड्यात निम्मे, महिन्याभरात दहाबारा.) चपातीला तेल लावणं बंद, मावशींनी स्वतःहून. तळणीचं तेल पुन्हापुन्हा तापवणं बंद. पामऐवजी सोयाबीन. मीठ टेबलावरून उचलून काउंटरवर ठेवलं. उठून जायचा कंटाळा हा सगळ्यात स्वस्त उपाय ठरला! आठवड्यातून दोनदा ज्वारीची भाकरी आणि रोज काकडी, मुळा, गाजर यांपैकी जे स्वस्त असेल ते. रविवारच्या फीस्टला मात्र आम्ही हात लावला नाही. ती गेली असती तर आमचंही कॅरेलियातल्या डॉक्टरासारखं झालं असतं, फक्त बेरींशिवाय.

चार महिन्यांनी डबे १६ वर आले. २४० किलो, म्हणजे दरडोई दिवसाला ३६ ग्रॅम. अजून २७ नाही, पण ५० ही नाही. तेल कमी लागल्याने जे पैसे वाचले ते सोयाबीनच्या जास्तीच्या भावात आणि सॅलडमध्ये गेले. मेस बिल वाढलं नाही आणि कमीही झालं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. टपरीवाल्या अण्णांचं नुकसान होऊ नये म्हणून त्यांना उकडलेली अंडी आणि भिजवलेल्या चण्यांची भेळ ठेवायला सुचवलं. भेळ चालली, चणे संपायला लागले. वडापावही चालूच आहे, आणि मीही खातो.

रात्री सव्वानऊ

शतपावलीची गोष्ट मामांमुळे झाली. दीड महिन्याने ते ड्यूटीवर परत आले ते बिडी सोडूनच. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं, पण गेट सोडून जाणार कसे? रेक्टर सरांनी तोडगा काढला. रात्री सव्वानऊ ते पावणेदहा दोन पोरं गेटवर बसतील, मामा चालतील. पहिल्या दिवशी मामांबरोबर आम्ही तिघे. मुख्य इमारत, वर्कशॉप, मुलींच्या हॉस्टेलचा कोपरा आणि परत. दोन फेऱ्या म्हणजे जवळपास अडीच किलोमीटर. आठवड्यात पंधरा जण झाले. मग लायब्ररीतले काका आले, एक दिवस फ्लुइड मेकॅनिक्सचे सर आले (त्या दिवशी पोरं जरा लवकर परत फिरली). आता परीक्षेच्या काळातसुद्धा वीस-पंचवीस जण असतात. व्यायाम म्हणून कोणी येत नाही. गप्पा मारायला येतात. मला वाटतं म्हणूनच ते टिकलंय.

सगळं छान झालं असं नाही. सकाळच्या योगवर्गाला आठव्या दिवशी फक्त शिकवणारा होता. रात्री दोनची मॅगी कोणीही सोडलेली नाही. आणि चार महिन्यांच्या मेसने कुणाच्या धमन्या साफ होत नसतात. कॅरेलियाला २५ वर्षं लागली. आपण इथे फक्त चार वर्षं असतो. पण महाराज, मावशी, मामा इथे वीस-वीस वर्षं जेवतात. मेसचं सेटिंग बदललं तर त्याचा खरा फायदा त्यांना आहे, हे मला त्या हॉस्पिटलमध्ये उभं राहीपर्यंत सुचलंच नव्हतं.

माझी मेस सेक्रेटरीची टर्म संपली. तेलाच्या डब्यांची वही मेसच्या खिडकीत दोरीने बांधून ठेवली आहे, पेनासकट. नवीन कमिटीने दर महिन्याला एकच आकडा त्यात भरायचा आहे. आकडा वाढला तर महाराजांना ओरडू नका, त्यांच्या पाटाशेजारी जाऊन बसा. आणि ज्यांना हा लेख वाचून काहीच पटलं नसेल त्यांनी एवढंच करावं, आज रात्री सव्वानऊला गेटवर यावं. मामा वाट बघतात, आणि आजकाल ते आमच्यापेक्षा भरभर चालतात.